टेप घेऊन आधी पाखाडीत जा

पत्र असं आहे:

“काका, संगमेश्वर तालुक्यात आमची जळाऊ लाकडाची वखार आहे. बाबांनी बैलगाडीवर सुरू केली, आता मी बघतो. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या पाच वाड्यांतली पन्नासेक घरं, दोन हॉटेलं, एक भट्टीची बेकरी आणि लग्नाचे आचारी. आजवर मामाची बोलेरो पिकअप भाड्याने घ्यायचो. पण खालच्या वाडीला जाताना दोन गडग्यांच्या दगडी कुंपणांमध्ये एक वळण आहे, तिथे ती वळतच नाही. लाकडं वर रस्त्यावर टाकावी लागतात आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. यंदा स्वतःची गाडी घ्यायची आहे. हातात दोन लाख आहेत, बाकी कर्ज. बाबा म्हणतात तीनचाकी घे, स्वस्त आहे आणि कुठेही घुसते. मित्र म्हणतो पिकअपच घे, एका खेपेत दोन खेपांचं काम. मला छोटा हत्ती बरा वाटतो, पण का ते सांगता येत नाही. मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो, तिकडच्या बेकऱ्यांना माल पाठवू, मोठीच घे. काय करू?”

काका म्हणालास, तेव्हा मीही सरळ अरे-तुरेवर येतो. पत्र दोनदा वाचलं. त्यात तीन गाड्या आहेत, दोन लाख आहेत, बाबा, मामा, मित्र, चुलतभाऊ सगळे आहेत. फक्त त्या वळणाचं माप नाही. पिकअप तिथे वळत नाही एवढंच लिहिलंस. किती इंचांनी वळत नाही? पुढचा बंपर गडग्याला लागतो की मागचं आतलं चाक? हे ठाऊक नसताना मी तुला गाडी सांगितली, तर ते पाय न बघता चप्पल दिल्यासारखं होईल.

माझंच सांगतो. १९९४ च्या मे महिन्यात माझ्याकडे जुनी मॅटाडोर होती. गुहागरकडच्या एका वाडीत लग्नाची लाकडं पोचवायची होती. वाट सरळ होती तोवर दोन्ही अंगांना वीतवीत जागा राहत होती, मी खुशीत. पुढे वाट उजवीकडे वळली. गाडीचं तोंड वळलं आणि मागून कर्रकन आवाज आला. फाळक्याची, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेची, कडी जांभ्याच्या चिऱ्यात जाऊन बसलेली, आणि मागचं उजवं चाक गडग्याच्या पायावर चढलेलं. पुढे घ्यावी तर चिरा निखळतोय, मागे घ्यावी तर डावा आरसा जातोय. पलीकडच्या पडवीत एक आजीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपातला हात न थांबवता म्हणाल्या, “आता वऱ्हाड हितंच बोलवा.” अख्खी गाडी तिथे रिकामी केली, चार हात गडगा उतरवला, गाडी काढली. दुसऱ्या दिवशी गवंडी मिळेना, तेव्हा चिरे मीच परत रचले. भाडं दीडशे रुपये, आणि हाताची सालटं आठवडाभर गेलेली.

म्हणून रविवारी टेप, दोरी आणि आठ-दहा खुंट्या घे आणि पाचही वाड्या, पायऱ्यापायऱ्यांच्या पाखाड्यांसकट, पायी फिर. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वाटेवरची सर्वांत अरुंद जागा मोज. जमिनीवर तर मोजच, पण गुडघ्याच्या आणि खांद्याच्या उंचीवरही मोज. गडगा सरळ उभा नसतो, तो पोट काढतो. वर फणसाची फांदी येते, कुणी कुंपणाला नळाचा पाइप बांधलेला असतो. वाटेखालच्या मोरीवरचा स्लॅब खालून वाकून बघ. साकव असेल तर त्यावर चाक घालायचं नाही, तो माणसांसाठी बांधलाय, मग कितीही रुंद दिसो.

वळणाला मात्र नुसती रुंदी पुरत नाही. त्यासाठी भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात त्या वळणाची नक्कल कर. दोन्ही गडग्यांच्या जागी मापाने खुंट्या ठोक, दोरी ताण, आणि कुणाचा तरी छोटा हत्ती अर्ध्या तासासाठी मागून आण. दोरीला चाक लागलं तर दोरीचं काही जात नाही. गाडी आत घालताना तू ड्रायव्हरशेजारी बसू नकोस. वळणाच्या आतल्या कोपऱ्याशी उकिडवा बस आणि मागच्या चाकाकडे बघत राहा. पुढची चाकं जिथून गेली तिथून मागची जात नाहीत, ती वळण कापून आत येतात. गाडी जितकी लांब तितकी जास्त आत.

आकडे घे. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, साधारण ३.८ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. म्हणजे साडेबारा फूट बाय पाच फूट. मामाची पिकअप मॉडेलप्रमाणे पाच मीटरच्या आसपास लांब आणि १.७ मीटर रुंद असेल. रुंदीत फरक जेमतेम आठ इंचांचा, पण लांबीत जवळजवळ चार फुटांचा. तुझ्या वळणावर पिकअप अडते ती लांबीमुळे, असा माझा अंदाज आहे. खुंट्या ठोकल्यास की कळेल. आणि कागदावरच्या रुंदीत आरसे धरलेले नसतात, हे लक्षात ठेव. वाट सहा फूट असली म्हणजे पाच फुटी गाडीला आरामशीर झाली असं नाही. आरसे मिटून, पोराला पुढे उभं करून जावं लागेल.

विकणारा तुला आणखी एक आकडा सांगेल: वळणाची त्रिज्या ४.३ मीटर. ऐकायला छान वाटतो. पण ती त्रिज्या आहे. गाडी पूर्ण फिरवायला त्याच्या दुप्पट, म्हणजे अठ्ठावीस फूट मोकळं खळं लागतं. तुझ्या किती गिऱ्हाइकांच्या दारात एवढं खळं आहे? तेही मध्ये तुळस नसताना आणि मांडवाचे खांब रोवलेले नसताना? म्हणजे बहुतेक घरी एकतर उलटं आत जायचं नाहीतर उलटं बाहेर यायचं. वाट सपाट असेल तर मी भरलेली गाडी उलटी आत घालतो. फाळका थेट लाकडाच्या खोपीकडे येतो आणि निघताना तोंड बाहेर असतं. घर चढावर असेल तर भरलेली गाडी उलटी वर चढवण्याचा हट्ट नको. हाफ क्लचवर दहा मिनिटं घालवलीस की क्लचप्लेटचा वास वाडीभर पसरतो, आणि त्या दिवसाची कमाई गॅरेजला जाते.

आता लाकडाच्या वजनाचं बोलतो. इथे भल्याभल्यांची फसगत होते, कारण लाकूड डोळ्याला हलकं वाटतं. एसचा हौदा साधारण २.२ मीटर लांब, दीड मीटरला जराशी कमी रुंद आणि एक फूट खोल. गुणाकार केलास तर फाळक्याच्या काठापर्यंत एक घनमीटर भरतो. लाकूड रचलं की त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त जागा हवाच असते. तरीही ओल्या ऐन-किंजळाचा असा सपाट भरलेला हौदा सहाशे-साडेसहाशे किलोंवर जातो, वाळलेला असेल तर पाचशेच्या आसपास. गाडीचं पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर भार, साडेसातशे किलोंचं. म्हणजे ओलं लाकूड काठाला लागलं की गाडी जवळजवळ भरली! तू आणि हमाल केबिनमध्ये बसलात की संपलंच. पण आपल्याकडे करतात काय, तर बाजूंना फळ्या उभ्या करून आणखी फूट-दीड फूट चढवतात. फूटभर चढवलंस तरी मागे बाराशे-तेराशे किलो झालं. स्प्रिंगचे पाटे सरळ होतात, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरायला लागतं. असं फिरायला लागलं की समज, उतारावर ब्रेक तुझे राहिलेले नाहीत. पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या १९४ कलमात जादा भाराला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे. लाकूड हौद्याबाहेर मापापेक्षा जास्त आलं, तर त्याचाही वेगळा वीस हजारांचा. एकदा ओलं आणि एकदा सुकं, असा हौदा भरून वजनकाट्यावर नेऊन आण. काट्याचे पैसे वसूल होतील.

यातून एक फायद्याची गोष्टही निघते. हौदा चार फूट दहा इंच रुंद आहे. तुकडे दीड फुटाचे पाडलेस तर आडव्या तीन रांगा बसतात आणि चार बोटं मोकळी राहतात. घरोघरी न्हाणीतल्या चुलीला आणि बंबाला तोच तुकडा लागतो. बेकरीवाल्याला लांब हवं असेल तर त्याचं वेगळं पाड, वेगळ्या खेपेला ने. लांब-आखूड मिसळून भरलेली गाडी वळणावर आतून सरकते. तो गडगड आवाज एकदा ऐकलास की विसरणार नाहीस.

तर बाबांची तीनचाकी. बाबांचा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. किंमत कमी, तेल कमी, गावात कुठेही दुरुस्त होते. पण घुसते कुठेही हे शहराच्या गल्लीत खरं आहे. वाडीच्या कच्च्या वाटेवर दोन चाकोऱ्या असतात आणि मध्ये गवताचा वरंबा. चारचाकीची चारही चाकं चाकोऱ्यांत बसतात. तीनचाकीचं पुढचं चाक बरोबर त्या वरंब्यावरून चालतं. पावसानंतर तो वरंबा दगडांनी भरलेला असतो, तेव्हा प्रत्येक दगड हँडलमधून थेट मनगटात येतो. भरलेली तीनचाकी उतारावर वळताना एका बाजूला कलली तर तिला सावरायला पुढे दुसरं चाक नाही. नेते पाचशे किलोंच्या आसपास. तुझी सगळी गिऱ्हाइकं बाजारपेठेत आणि डांबरी रस्त्याला असती तर मी बाबांच्या बाजूने मत दिलं असतं. खालच्या वाडीसाठी नाही.

मित्राची पिकअप तुझ्या वळणातच निकालात निघाली. पण तिचा राग धरू नकोस. हॉटेलं, बेकरी, आचारी हे रस्त्यावरचे. त्यांना एका वेळी टन-दीड टन लागतं. ते काम मामाच्या पिकअपवरच चालू राहू दे, भाड्याने. वर्षातल्या थोड्याशा मोठ्या खेपांसाठी मोठी गाडी दारात बांधून ठेवायची आणि रोज तिचा हप्ता भरायचा, हा हिशेब बसत नाही.

म्हणजे तुझा छोटा हत्ती. का बरा वाटतो ते तुला सांगता आलं नाही, ते मी सांगितलं: आखूड आहे, चार चाकं आहेत, आणि तुझ्या घरगुती गिऱ्हाइकाची एका वेळची गरज आणि तिचा हौदा जवळपास सारखा आहे. पण ‘छोटा हत्ती’ हे आता कुठल्याही मिनी ट्रकचं नाव झालंय, म्हणून जुनी घेताना नीट बघ. २००५ साली पहिली एस आली तिचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसी डिझेल, सोळा अश्वशक्तीचं. सपाटीला लाख मोलाची गाडी. आपल्याकडच्या उभ्या चढावर भरल्या हौद्याने ती रडते, आणि तू तिच्याबरोबर. नंतरच्या पेट्रोल एसला तीस अश्वशक्ती आहे, बरं चालतं. तुझ्या वाटांवर चढाव फार असतील तर २०१६ पासून मिळणारी मारुतीची सुपर कॅरीही बघ. पेट्रोलवालीला चार सिलिंडरचं १.२ लिटरचं इंजिन, पासिंग ७४० किलो, लांबी एसइतकीच. फक्त ती दोन-अडीच इंच जास्त रुंद आहे. आता कळलं ना टेप कशाला हवी? खालच्या वाडीत त्या दोन इंचांवर सगळा खेळ असू शकतो. महिंद्राच्या जीतोचं छोटं मॉडेल या दोघींपेक्षा आखूड आहे. वळण फारच आवळतं असेल तर तीही दोरीतून घालून बघ.

नवी की जुनी? मी जुनी घेईन. लाकडाच्या गाडीचा हौदा वर्षभरात पोचे पडून घमेल्यासारखा होतो. नव्या गाडीवर ते बघवत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आहेत. जुनीवाला अजून जुन्या भावाच्या गुर्मीत बोलत असेल तर शोरूमचं ताजं कोटेशन खिशातून काढून त्याच्यापुढे ठेव. बघताना रंगाकडे बघू नकोस. गाडीखाली पाठीवर झोप. केबिनच्या मागे चॅसिसवर वेल्डिंगची रेघ दिसली तर उठून कपडे झटक आणि घरी ये. ती गाडी कुणीतरी फळ्या लावून वापरली आहे. बँकेचा बोजा उतरवल्याशिवाय पैसे देऊ नकोस, आणि थकलेली चलनं आधी तपास.

बॅटरीवरची गाडी तू विचारली नाहीस, पण कुणीतरी कानाशी लागेलच. चढावर तिचा जोर चांगला असतो, आवाज नाही, धूर नाही. पण हप्ता मोठा आणि मे महिन्यातली गावाकडची वीज. अजून दोन वर्षं थांब.

पॉवर टिलर आणि ट्रॉली मात्र तुझ्या आसपास कुणाकडे तरी असेलच, आणि कुणीतरी म्हणेल की पाखाडीच्या तोंडापर्यंत तोच जातो. जातो, खरंय. अरुंद असतो, चिखलालाही घाबरत नाही. फक्त एक गोष्ट शिकल्याशिवाय त्याला हात लावू नकोस. टिलर वळतो तो हँडलखालच्या क्लचने. सपाटीवर डावा क्लच दाबला की डावीकडे वळतो. भरलेली ट्रॉली मागून ढकलत असताना उतारावर तोच डावा क्लच दाबलास तर तो उजवीकडे जातो, कारण सोडलेलं चाक मोकळं होऊन जास्त पळतं. नवखा माणूस घाबरून आणखी दाबतो. माझ्या डोळ्यांदेखत एक ट्रॉली अशी करवंदीच्या जाळीत गेली. चालवणारा वेळेत उडी मारून वाचला, म्हणून आज हसत सांगतो. आणि ट्रॅक्टर असो की टिलर, शेतीसाठी नोंदलेल्या वाहनावर भाड्याची लाकडं वाहिलीस आणि काही झालं, तर विम्यावाले आधी तेच विचारतील.

आता उरली पाखाडीवरची घरं. पायऱ्या आहेत तिथे कुठलीच गाडी जात नाही, आणि जाऊही नये. पायऱ्यांपर्यंतच्या अरुंद वाटेसाठी हौद्यातून एक हातगाडी बरोबर ने. मोटरसायकलची दोन जुनी चाकं, वर अँगलची चौकट, रुंदी अडीच फूट. गावातला वेल्डिंगवाला दोन दिवसांत करून देईल. फाळक्याला टेकून उभी बांधली की जागाही फार खात नाही. तिच्यावर शंभर-सव्वाशे किलो नीट जातं. सहाशे किलोंची गाडी म्हणजे पाच-सहा फेऱ्या, दोघे असाल तर पाऊण तासाचं काम. पायऱ्यांवर मात्र डोक्यावरचा भाराच. त्यासाठी तुकडे आधीच गोणपाटात किंवा कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत वीस-वीस किलोंचे भरून ठेव. मोळी बांधण्यात वेळ जात नाही, गिऱ्हाइकालाही मोजून घेता येतं आणि पाखाडीभर साली सांडत नाहीत.

आणि हे फुकट करू नकोस. गिऱ्हाईक कुरकुरतं म्हणालास ना? ते रस्त्यावर लाकडं टाकल्याबद्दल नाही कुरकुरत. भाव ठरवताना ‘घरपोच’ म्हणालास आणि टाकलीस रस्त्यावर, म्हणून कुरकुरतं. दोन भाव ठेव. एक फाळक्यापर्यंतचा, एक पडवीपर्यंतचा. ज्याच्या घरी दोन तरणे मुलगे आहेत तो पहिला भाव घेईल. ज्या घरी म्हातारा-म्हातारी दोघंच आहेत आणि मुलगा मुंबईला, तिथला मुलगा फोनवरून दुसऱ्या भावाचे पैसे पाठवेल, वर थँक्यूही म्हणेल. वाडीतल्या बायका आजवर भारे वाहून रोज कमावत असतील तर हातगाडी आणताना त्यांना बाजूला सारू नकोस. पायऱ्यांचं काम त्यांच्याकडेच राहू दे, पिशवीमागे दर ठरवून.

गाडी कधी घ्यायची, हे तू विचारलंच नाहीस. आपला धंदा आगोटीचा. मार्चपासून मेअखेरपर्यंत लोक पावसाची लाकडं भरतात, मिरगाच्या आत खोपी भरलेली हवी असते. नेमक्या त्याच दिवसांत आंब्याच्या पेट्या निघतात आणि तालुक्यातली प्रत्येक गाडी बागायतदाराच्या दारात उभी असते. तुला भाड्याने गाडी मिळत नाही ती एप्रिल-मेमध्येच, बरोबर? म्हणून स्वतःची गाडी घेण्यात अर्थ आहे. पण हप्ता बारा महिने चालतो. उरलेल्या नऊ महिन्यांत ती काय वाहणार, हे कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी लिहून काढ. दिवाळीनंतर बांधकामाचे चिरे आणि सिमेंट, गणपतीत चाकरमान्यांचं सामान, कुणाची घरबदल. जूनपासून पाऊस असेपर्यंत खालच्या वाडीला जायचंच नाही असं धरून चाल. जांभ्यावर शेवाळ आलं की रिकाम्या गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरतात. त्या तीन-चार महिन्यांचा हप्ता आधीच बाजूला काढलेला असू दे. तुझ्या जागी मी असतो तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गाडी घेतली असती. तेव्हा आंबेवाले अजून बाजारात उतरलेले नसतात आणि वाटाही सुकलेल्या असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. एकूण वजन तीन हजार किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, एस आणि सुपर कॅरी त्यात आरामात बसतात. तुझं चारचाकीचं साधं हलक्या वाहनाचं लायसन्सही चालेल. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने साडेसात हजार किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी तेच पुरेसं ठरवलंय. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. सात-आठ वर्षं जुनी गाडी घेत असशील तर तो खर्च दारात उभाच आहे.

वनखात्याच्या कागदाबाबत मात्र हयगय नको. ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, ही सगळी आपल्या परड्यातली झाडं १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जागेतलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. तोडीची परवानगी आणि वाहतूक पास केबिनमध्ये ठेव, वखारीच्या गल्ल्यात नको. कोणत्या लाकडाला पास लागतो आणि कोणत्याला सूट आहे, ते रेंज ऑफिसात एकदा समोर बसून विचारून घे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात लाकडाबरोबर गाडीही जप्त करायची तरतूद आहे. भाड्याची असताना ती काळजी मामाची होती, आता तुझी.

आणि चुलतभावाला कळव की मुंबईच्या बेकऱ्यांचा नाद सोड. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सांगितलंय, आणि नव्या लाकडी भट्ट्यांना परवानगी नाही. त्या भरवशावर मोठी गाडी घेऊ नकोस. तुझा धंदा बंबाचा आणि न्हाणीचा. गॅस घरोघरी आला तरी आंघोळीचं पाणी अजून लाकडावर तापतंय, तोवर तो आहे.

रविवारची मापं झाली की मला परत लिही: सर्वांत अरुंद जागा किती, वळण किती, किती घरं गाडीच्या वाटेवर आणि किती पाखाडीवर. आणि जुनी गाडी पसंत पडली, तर सौदा वखारीत बसून करू नकोस. विकणाऱ्याला म्हण, चला, चहा खालच्या वाडीत घेऊ, तुमचीच गाडी, तुम्हीच चालवा. वळणाच्या अलीकडे तो आपण होऊन ब्रेक मारून खाली उतरला आणि गडग्याकडे बघत उभा राहिला, तर चहाचे पैसे तू दे आणि दुसरी गाडी बघायला लाग.